गारपीट मिनिटागणिक पाठ, सकाळचं मात्र आठवत नाही

छाटणी झाली की द्राक्षबागायतदार ओपीडीत फारसा दिसत नाही. बागेतून त्याचा पाय निघत नाही. त्यामुळे ऐन डिसेंबरात तासगावकडचे एक पंचेचाळिशीचे शेतकरी बायकोला घेऊन आमच्या मिरजेच्या दवाखान्यात आले, तेव्हाच मी कान टवकारले.

"डॉक्टर, माझं डोकंच गेलंय. आमच्या आज्ज्याचं असंच झालं हुतं."

"दावण्याचं औषध मारलं का न्हाई, त्येच ह्यांच्या ध्यानात ऱ्हाईना," वहिनी म्हणाल्या. "परवा एकाच प्लॉटला दोनदा मारलं." (दावण्या म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग.)

आंबा, खुर्ची, रुपया असे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पाच मिनिटांनी फक्त रुपया उरला होता. शंभरातून सात-सात वजा करताना ब्याण्णव, शहाऐंशी म्हणाले आणि थांबले, "न्हाई जमायचं." घड्याळ मात्र काटेकोर काढलं, काट्यांसकट.

मग मी सहज बागेचं विचारलं. गेल्या हंगामात काढणीच्या तोंडावर गारपीट झाली होती. पत्र्यावर पहिली गार वाजली तेव्हा व्यापाऱ्याशी फोनवर कुठल्या दरावर बोलणं अडलं होतं, पोरगं कुठल्या ओळीत उभं होतं, कुठली तार आधी तुटली, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. सकाळी काय खाल्लं ते न आठवणारा माणूस!

दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट, ताण. घाबरलेल्या क्षणी ॲड्रेनलिन उसळतं आणि मेंदूतला अमिग्डाला तो प्रसंग पक्का कोरून ठेवतो. पण ताण महिनोन् महिने हटला नाही की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहू शकतं. नव्या आठवणी बसवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये या संप्रेरकाला धरून ठेवणारी ग्राहकं (रिसेप्टर) भरपूर असतात, म्हणून त्याचा फटका तिथे बसतो. उंदरांच्या मेंदूत ती ग्राहकं मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅक्युएन यांनी 1968 साली दाखवली होती. त्यात कपाळामागचा लक्ष धरून ठेवणारा भागही ढिला पडतो. फवारणी करताना डोक्यात सोसायटीचं कर्ज फिरत असेल, तर ती फवारणी नीट नोंदलीच जात नाही. मग आठवणार काय?

शिवाय डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, तक्रार बहुधा घरचे करतात, पेशंट सावरून घेतो. इथे ते स्वतःच कळवळून सांगत होते. (हा ठोकताळा आहे, पुरावा नव्हे, म्हणून बी-बारा आणि थायरॉईड तपासून घेतलं. दोन्ही ठीक निघाले.) पहाटे तीनला जाग, जेवणावर वासना नाही, पोराशीही बोलणं तुटलेलं. हे नैराश्य होतं.

मग मी जो प्रश्न शेतकरी पेशंटला हमखास विचारतो, तो विचारला. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का? ते खाली बघत म्हणाले, "दोनदा आलं हुतं." वहिनींना हे पहिल्यांदाच कळत होतं. फवारणीच्या औषधांची खोली त्याच दिवशी कुलूपबंद करून किल्ली थोरल्या भावाकडे द्यायची आणि फवारणी आता भाऊच बघणार, हे भावाला फोन लावून माझ्यासमोरच ठरवलं. गोळ्या, दर आठवड्याला भेट आणि पोराच्या हातात फवारणीची वही, हे त्यानंतर.

दीड-दोन महिन्यांनी तिन्ही शब्द आठवले. झोप लागत होती. "मग आता गोळ्या बंद?" त्यांनी लगेच विचारलं. निदान सहा महिने तरी नाही, मी सांगितलं. आज्ज्याचा विषय मनात ठेवून वर्षभराने स्मरणाची चाचणी पुन्हा करायची, असंही केसपेपरवर लिहून ठेवलं.