फिनिक्समधला कूलर

आज कामानिमित्त अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात डीपीआर कन्स्ट्रक्शनच्या ऑफिसात जाणं झालं. ही इमारत आधी ‘फक्त प्रौढांसाठी’ छाप दुकानाची होती, तेही बंद पडून ओस पडलेलं. (आईला फोनवर सांगताना मी नुसतं ‘दुकान’ म्हटलं.) कंपनीने ती पाडली नाही, २०११ मध्ये तिचंच ऑफिस केलं. २०१३ मध्ये नेट झिरो एनर्जीचं प्रमाणपत्रही मिळालं, म्हणजे वर्षभरात जेवढी वीज खाते तेवढी स्वतःच तयार करते. पार्किंगवर सावलीला सोलर पॅनेल!

दुकानाच्या बंदिस्त डब्यात उजेड-वारा आणणं, खरी मेहनत तिथे आहे. भिंतींना उघडणाऱ्या खिडक्या पाडल्यात, छतातून नळ्यांनी ऊन आत घेतलंय. वर जस्ताच्या पत्र्याची लांबलचक चिमणी. ती उन्हाने तापते आणि आतली गरम हवा ओढून बाहेर टाकते. शेजारी मनोरे आहेत, त्यात वरून पाण्याचे तुषार सोडतात. हवा गार झाली की जड होऊन आपसूक खाली उतरते. मी अकोल्याची, मला हसूच आलं. अहो, हा तर आपला कूलर! फक्त खसचा वास नाही, आणि पंप अडकला म्हणून थापड मारावी लागत नाही. हवा दमट झाली की मात्र हाही आपल्या कूलरसारखाच हात टेकणार.

शेवटी निघणाऱ्याने दाबायचं एक बटणही आहे, रात्री उगाच वीज पिणारी यंत्रं त्याने बंद होतात. आमचे बाबा हे काम रोज रात्री ओरडून करायचे, फुकटात.