मॉपी अपडेट: डोलणं थांबलं, आणि आता याच हलचा (बोटीच्या धडाचा) मोल्ड म्हणजे साचा काढायचा विचार

मंडळी, माझ्या मॉडेल बोटीचं, मॉपीचं, चाईन वॉकिंग (चाईन म्हणजे तळ आणि बाजू मिळतात ती कड; वेगात एका चाईनवरून दुसऱ्या चाईनवर झोके खाणं) गेलं! रविवारी शिरूरजवळच्या शेततळ्यावर मॉपी पूर्ण थ्रॉटलला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली, नाक स्थिर, फवारा दोन्हीकडून खालच्या खाली बाहेर फेकला जातोय आणि हलच्या बाजू कोरड्या. भाच्याने व्हिडिओ काढलाय, मी तो कितीदा बघितला ते विचारू नका.

जे मागचे अपडेट वाचत आलेत त्यांना माहितीये की बर्ट्रम ३१ या अमेरिकन पॉवरबोटचं १:१० चं मॉडेल चाललंय, ९३ सेंमी लांब, ३४ रुंद, ४ मिमी मरीन प्लायच्या फ्रेम, वरून बाल्साच्या पट्ट्या आणि त्यावर २०० जीएसएम ग्लास क्लॉथ, दोन ब्रशलेस मोटर, दोन शाफ्ट, प्रॉप (पंखे) एकमेकांच्या उलट फिरणारे. बांधणीत फारसं काही अडलं नाही, अडलं ते पाण्यात. १:१० ला वेग मूळ वेगाच्या साधारण एक तृतीयांश होतो, म्हणजे मूळ बोटीचे ३० नॉट म्हणजे ताशी ५५ किमी धरले तर मॉडेलला १७-१८ पुरेत. तिथपर्यंत छान चालायची. ताशी २० च्या वर गेली की एका चाईनवरून दुसऱ्या चाईनवर आदळायला सुरुवात, झोका वाढत वाढत जायचा आणि थ्रॉटल सोडला नाही तर पलटी नक्की.

यावर मी काय काय केलं नाही! बॅटरी पुढे सरकवली, मागे सरकवली, खाली कीलला (तळाच्या मधल्या कण्याला) चिकटवली. पुढे सरकवल्यावर नाक पाण्यात रुततं आणि वळताना भरकटते, मागे नेली तर पॉरपॉइजिंग, म्हणजे नाक सारखं वरखाली उसळतं. शाफ्टचा कोन कमी केला, रडर बदललं, ट्रिम टॅब (मागे लावायच्या, बोटीचा कल सावरणाऱ्या पट्ट्या) लावले. टॅबने थोडा फरक पडला पण वेग मेला, आणि मूळ बोट ज्यासाठी ओळखली जाते तेच टॅबने झाकून टाकायचं हे मनाला पटेना.

कारण या बोटीची सगळी गोष्टच तळाची आहे. १९५८ मध्ये न्यूपोर्टला अमेरिका कप या शिडाच्या बोटींच्या शर्यतीच्या वेळी डिक बर्ट्रम एका बोटीवर क्रू होता, धंदा यॉट ब्रोकरचा. तिथे रे हंट या बोट डिझायनरची २३ फुटी टेंडर (मोठ्या बोटीच्या मदतीला असलेली छोटी बोट) खवळलेल्या पाण्यातून वेग कमी न करता जाताना त्याने बघितली. तोपर्यंतच्या पॉवरबोटचा तळ पुढे व्ही आणि मागे जवळजवळ सपाट, त्यामुळे लाटेवर धाडकन आपटायच्या आणि मागून लाट आली की आडव्या व्हायच्या. हंटने व्ही मधल्या भागापासून थेट ट्रान्समपर्यंत (बोटीच्या मागच्या सपाट फळीपर्यंत) तसाच ठेवला, २४ अंशांच्या आसपास, आणि तळाला स्ट्रेक म्हणजे बोटीच्या लांबीने जाणाऱ्या उठावदार पट्ट्या दिल्या. बर्ट्रमने त्याच्याकडून ३० फुटी लाकडी बोट डिझाईन करून घेतली, बायकोच्या लाडक्या नावावरून नाव ठेवलं मॉपी, आणि एप्रिल १९६० मध्ये मायामी-नॅसॉ पॉवरबोट शर्यतीत उतरवली. सॅम ग्रिफिथ सुकाणूवर, वारा ३० नॉटचा, लाटा ८ फुटी. मॉपी ८ तासांत पोचली. दुसरी आली ती दोन तासांनी, तीपण हंटचीच २३ फुटी, जिम विनने आणलेली. बाकीच्या दुसऱ्या दिवशी! मला या छंदात ओढलं ते याच निकालाने, आणि अजूनही वाचताना अंगावर काटा येतो.

तर परत डोलण्याकडे. उत्तर मिळालं ते भाच्याच्या मोबाईलमधल्या स्लो-मोशनमधून. पाणी स्ट्रेकच्या कडेवरून सुटायला पाहिजे ना, ते सुटतच नव्हतं, कडेला वळसा घालून हलला चिकटून वर चढत होतं, कधी डावीकडे जास्त कधी उजवीकडे, आणि ज्या बाजूला चिकटलं ती बाजू खाली ओढली जायची. प्राइमर, दोन हात रंग, वर क्लिअर कोट, या थरांनी स्ट्रेकच्या कडा गुळगुळीत गोल झालेल्या. मोठ्या बोटीला एवढ्या गोलाईने फारसं बिघडत नाही, पण पाण्याचा पृष्ठताण काही १:१० होत नाही, तो तेवढाच राहतो, त्यामुळे लहान हलवर पाणी चिकटायला बघतंच. म्हणून मॉडेलला मूळ बोटीपेक्षाही धारदार कडा लागतात.

मग तळाचा रंग स्ट्रेकपुरता खरवडला, स्ट्रेकच्या बाहेरच्या बाजूला ॲल्युमिनियमची पट्टी मास्किंग टेपने सरळ लावली, त्यावर पॅकिंग टेप म्हणजे चिकटत नाही, आणि आतल्या कोपऱ्यात इपॉक्सी अधिक मायक्रोबलूनची (बारीक पोकळ गोळ्यांच्या भुकटीची) घट्ट पेस्ट भरली. सुकल्यावर पट्टी काढली की सुरीसारखी कड. खालचा चेहरा आडवा, बाहेरचा उभा. ट्रान्समची खालची कडही तशीच केली, ती विसरू नका, पाणी मागे सुटतं तिथेच. ट्रिम टॅब काढून टाकले. वजन तयार बोटीचं ५ किलोच्या आत बसलं, मूळ बोट पाच टनांच्या आसपास, म्हणजे घनाच्या हिशोबाने (दहाचा घन हजार) अगदी बरोबर.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, थांबलेली असताना ती मस्त डुलते. मूळ बर्ट्रम ३१ बद्दलही मासेमारीवाले हेच सांगतात, की उभी केली की रोल करते. ते मॉडेलमध्ये आपोआप उतरलंय, मी त्यात काहीही सुधारणार नाही.

सामानाबद्दल थोडं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, कानस, बारीक नटबोल्ट यासाठी बोहरी आळीसारखी जागा नाही, दोन तास फिरा, सगळं मिळतं. इपॉक्सी मात्र ऑनलाईन मागवलेलं पावसाळ्यात वर मेणचट थर धरतं, कोमट पाण्याने धुवून मगच सॅंडिंग करा नाहीतर पुढचा थर सुटणार. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त आहे म्हणून हलला वापरू नका, आकसतं आणि कडा वाकतात, हे माझं ठाम मत.

आता पुढचा बेत बदललाय. ही बोट पॉलिश करून कपाटावर ठेवायची असं ठरलं होतं, डेकचं काम सुरूही केलेलं. पण परवा कडा घासताना डोक्यात आलं की बर्ट्रमने शर्यत जिंकल्यावर नेमकं काय केलं? लाकडी मॉपीचाच प्लग (साचा काढायचा मूळ नमुना) केला, तिच्यावरून फायबरग्लासचा मोल्ड काढला आणि १९६१ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये बर्ट्रम ३१ उभी केली. कंपनी उभी राहिली ती त्या मोल्डवर, आणि ती बोट १९८३ पर्यंत बनत राहिली. हंटला या तळाचं पेटंट मिळालं नाही, त्यामुळे डॉन अरोनॉने पुढे मायामीतच फॉर्म्युला, डोन्झी, मॅग्नम, सिगारेट एकामागून एक कंपन्या काढल्या त्या सगळ्या याच डीप-व्ही म्हणजे खोल व्ही तळावरच. मग आपणही तेच करू की! डेक थांबवलं. हलला मेणाचे पाच-सहा हात, वर पीव्हीए (साचा चिकटू नये म्हणून लावायचा पातळ थर), आणि मोल्ड.

अडचण एकच दिसते, स्ट्रेकची उभी बाजू अगदी उभी असेल तर मोल्ड सुटताना धरणार, तिथे दोन-तीन अंशांचा उतार द्यावा लागेल आणि कड तरी धारदारच राहिली पाहिजे. आणि हे लिहितानाच सुचतंय, मोल्डमधून दोन हल काढता येतील, एकात आतल्या स्ट्रेक ट्रान्समपर्यंत आणि दुसऱ्यात प्रॉपच्या थोड्या आधी थांबवलेल्या, म्हणजे प्रॉपला स्वच्छ पाणी. त्याच मोटरांवर, त्याच बॅटरीवर दोन्ही पळवून बघू. ८ फुटी लाट १:१० ला २४ सेंमी होते, तेवढी लाट शेततळ्यात येणार नाही, त्यासाठी दिवाळीनंतर कोकणात एखादी आडोशाची पुळण शोधतोय. कुणी रत्नागिरी-मालवणकडचं असेल आणि सकाळी लाट कुठे बेताची असते ते माहीत असेल तर सांगा. आणि कुणी स्ट्रेकवाल्या हलचा मोल्ड आधी काढला असेल तर उतार किती दिला तेही, कारण येत्या शनिवारी मेण चढवायला घेतोय.