बसायची सोय नाही

अमेरिकेत ऑर्लँडोला डिस्नेच्या एपकॉट या थीम पार्कमध्ये चीनच्या दालनात गोल सिनेमा बघायला शिरलो, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "अरे, बसायचं कुठे?" खुर्च्याच नव्हत्या. गोल खोली, टेकायला आडवे दांडे आणि डोक्याच्या वर सभोवार नऊ पडदे. अंधार झाला आणि चारी बाजूंनी चीन सुरू झाला. आईने दांडा असा काही धरला, की एसटीत उभ्याने घाट उतरतेय. चित्र वळलं की अख्खी खोली त्या बाजूला कलायची. जमीन मात्र ढिम्म.

खुर्ची दिली की माणूस एकाच दिशेला तोंड करून बसतो, म्हणून इथे खुर्ची नाही. हे मला पटलं. आईला नाही पटलं.

मला कुतूहल होतं ते नऊचं. आठ का नाहीत, दहा का नाहीत? घरी येऊन कागदावर वर्तुळ काढलं तेव्हा उलगडा झाला. पडद्यावर चित्र पाडायचं तर प्रोजेक्टर समोरच्या बाजूला हवा. पडदे सम असले, तर प्रत्येक पडद्याच्या समोर पडदाच येतो. विषम असले, की बरोबर समोर येते दोन पडद्यांमधली फट! त्या फटीत प्रोजेक्टर बसवायचा, प्रकाशाचा झोत आपल्या डोक्यावरून पलीकडे जातो. या रचनेचं १९६० सालचं अमेरिकन पेटंट वॉल्ट डिस्ने आणि त्यांचे जुने सहकारी अब आयवर्क्स यांच्या नावावर आहे.

तोवर हा गोल सिनेमा सुरू होऊन पाच वर्षं झाली होती. १९५५च्या जुलैत कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं, त्याच वर्षी तिथे 'सर्कारामा' या नावाने तो आला. तेव्हा पडदे अकरा, फिल्म १६ मिलिमीटरची, आणि खर्चाला हातभार अमेरिकन मोटर्स या गाड्यांच्या कंपनीचा. गाडीच्या टपावर अकरा कॅमेऱ्यांचं कडं बसवून अमेरिकेचा पश्चिम भाग फिरवून आणला होता. १९५८ला ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात आणि १९५९ला मॉस्कोतल्या अमेरिकन प्रदर्शनात हा गोल सिनेमा पोचला. सोव्हिएत मंडळी काय कमी! त्याच वर्षी त्यांनी मॉस्कोत स्वतःचं गोल चित्रगृह उभारलं, त्यात एकावर एक अशा दोन ओळींत बावीस पडदे. पुढे १९६७ला फिल्म ३५ मिलिमीटरची झाली, कॅमेरे नऊ झाले आणि नाव पडलं सर्कल-व्हिजन.

मला दया येते ती दिग्दर्शकाची. आपल्याकडे लग्नाच्या व्हिडिओवालासुद्धा "कॅमेऱ्यासमोरून बाजूला व्हा" म्हणून लोकांना हाकलतो. इथे बाजूला होऊन जायचं कुठे? कॅमेऱ्याच्या मागे अशी जागाच उरत नाही. एक तर गाडीच्या आत बसा, नाही तर झाडाझुडपांआड लपा, नाही तर कॅमेरे हेलिकॉप्टरखाली टांगा आणि वर बसून राहा.

आणि एवढा खटाटोप करून लोक बघतात काय? समोर. गाडी जिकडे चाललीय तिकडे. मीही तेच केलं. बाहेर आल्यावर बाबा चीनच्या भिंतीबद्दल बोलत होते आणि आईला काही केल्या ती आठवेना. ती पूर्ण वेळ पाठ फिरवून उभी होती. "समोर बघितलं की गरगरत होतं," ती म्हणाली. "मागे पडणारा रस्ता बघितला, छान होता."

डिस्नीलँडमधला मूळ गोल सिनेमा १९९७मध्ये बंद झाला. पुढच्या वर्षी त्याच खोलीतून दुसऱ्या एका वेगवान खेळाची रांग जायला लागली. म्हणजे तिथे माणसं पुन्हा उभीच.