पायरेट्स हरतात, तरी तुम्ही जाता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पायरेट्स म्हणजे आमची इथली बेसबॉल टीम. पुण्याची मावशी फोनवर हेच विचारते, आणि इथे पिट्सबर्गमध्ये गणपतीला भेटणारी नवी मुलंही विचारतात: "काकू, पायरेट्स तर कायम हरतात. पैसे मोजून जाता कशाला?" मग ओघानेच पुढचा प्रश्न येतो, की टीम अशी हरत राहिली की लोक मैदानावर यायचे थांबत नाहीत का?

थांबतात. पण माझं पंचवीस वर्षांचं पाहणं असं, की माणसं हरण्याला कंटाळून जात नाहीत. टीमला जिंकायचंच नाही असं एकदा मनात बसलं की जातात. या दोन गोष्टी फार वेगळ्या आहेत, आणि आकड्यांतही तो फरक दिसतो.

१९९३ ते २०१२, सलग वीस सीझन पायरेट्सचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत एवढी लांब मालिका दुसऱ्या कुठल्याच टीमची नाही. त्याआधीची तीन वर्षं मात्र टीम आपल्या गटात पहिली आली होती. १९९२च्या ऑक्टोबरमध्ये अटलांटात, वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम फेरी, एका आऊटवर आलेली असताना, अटलांटाचा सिड ब्रीम घसरत होम प्लेटवर पोचला, त्यांची विजयी धाव झाली आणि सगळं संपलं. हा ब्रीम आधी पायरेट्सकडूनच खेळलेला. त्याच हिवाळ्यात टीमचा सगळ्यात मोठा खेळाडू बॅरी बॉण्ड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला. हे मी पाहिलेलं नाही. आमचे शेजारी सांगायचे, पोलादाच्या गिरणीतून निवृत्त झालेले. माझी लेक त्यांना आजोबाच म्हणायची. त्यांनीच आम्हाला बेसबॉल शिकवला.

आम्ही आलो त्याच्या पुढच्याच वर्षी, २००१ साली, ॲलेगेनी नदीच्या काठावर नवं मैदान उघडलं, पीएनसी पार्क. पलीकडच्या काठावरच्या उंच इमारती, मध्ये पिवळे पूल. मॅचच्या दिवशी क्लेमेंटे पुलावर गाड्या बंद करतात आणि माणसं चालत येतात. त्या वर्षी टीम १०० मॅच हरली, तरी २४ लाखांहून जास्त तिकिटं खपली. पुढच्या वर्षी आकडा १८ लाखांच्या आत आला. नव्या मैदानाची नवलाई एका सीझनपुरती.

आणि हा आकडा विकलेल्या तिकिटांचा असतो, आलेल्या माणसांचा नाही. २००९च्या सप्टेंबरमधली एक संध्याकाळ मला अजून आठवते. मैदानातल्या भोंग्यावरून हजारांतली उपस्थिती जाहीर झाली. आजोबांनी पेन्सिल कानामागे ठेवली, आमच्या ओळीतली डोकी बोटाने मोजली आणि स्कोअरबुकाच्या कोपऱ्यात लिहिलं: सात. पुढच्या चार ओळी नुसत्या निळ्या खुर्च्या. इतकी शांतता, की कॅचरच्या ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा 'थप्प' असा आवाज वरच्या मजल्यावर आम्हाला ऐकू येत होता.

त्याच वर्षी मे महिन्यात लेकीने हट्टाने टीमच्या नेट मॅक्लाउथच्या नावाचा शर्ट घेतला होता. जूनच्या सुरुवातीला त्याला अटलांटाला देऊन टाकलं. त्याच्या आदल्या वर्षी टीमचा दुसरा खेळाडू, जेसन बे, असाच बॉस्टनला गेला होता. नऊ वर्षांची पोर मला म्हणाली, "आई, पुढच्या वेळी पाठीवर नाव नको. नुसता 'पी' असलेला घेऊ." निष्ठा कुठे तुटते असं कुणी विचारलं की मला हे वाक्य आठवतं. मूल हरणं सोसतं. आपला माणूस उद्या असेल की नाही, हे त्याला सोसत नाही.

शिवाय तेव्हा हे शहर हरत नव्हतं. २००९ मध्येच स्टीलर्सनी फुटबॉलचा सुपर बोल जिंकला आणि पेंग्विन्सनी हॉकीचा स्टॅन्ली कप. लेकीच्या वर्गातली मुलं काळे-पिवळे कपडे घालायची, पण बेसबॉलसाठी नाही. वीस वर्षांत अख्खी पिढी दुसऱ्या खेळांकडे गेली. तिकीटविक्रीचा आकडा एका चांगल्या सीझनमध्ये भरून निघतो. ही पिढी तशी परत येत नाही.

पुढे २०१० मध्ये टीमच्या हिशेबाचे कागद बाहेर फुटले. २००७ आणि २००८ मिळून सुमारे २.९ कोटी डॉलरचा नफा दिसला. या लीगमध्ये श्रीमंत टीमच्या मिळकतीचा वाटा गरीब टीमला मिळतो, आणि शेवटचा नंबर आला म्हणून कुणी खालच्या लीगमध्ये जात नाही. म्हणजे खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी चूल पेटती राहते. आजोबांना त्या वर्षीच्या १०५ पराभवांपेक्षा हे जास्त लागलं. आपण हरतोय ते नाइलाजाने, असं त्यांनी इतकी वर्षं धरून ठेवलं होतं.

आता पुढचं बघा. २०११च्या जुलैमध्ये टीम चक्क पहिल्या नंबरापर्यंत गेली. मग अटलांटातली १९ इनिंगची मॅच पंचाच्या एका चुकीच्या निर्णयाने गेली आणि सगळं घसरलं. शेवटी ९० पराभव झाले, पण प्रेक्षक आदल्या वर्षीपेक्षा सुमारे तीन लाखांनी वाढले. आशेचे चार महिने, बस. आणि उलट बाजूने, २०१८ साली ८२ विजय मिळाले, पराभवांपेक्षा जास्त. तरी तिकिटांचा आकडा १५ लाखांच्या आत. कारण त्या जानेवारीत गेरिट कोल आणि अँड्र्यू मॅककचन, टीमचे दोन मोठे खेळाडू, दोघांनाही देऊन टाकलं होतं. जिंकलेल्या वर्षात माणसं घरी बसली!

या दोन्हींच्या मध्ये १ ऑक्टोबर २०१३ आहे. सिनसिनाटीविरुद्धची वाइल्ड कार्ड मॅच, म्हणजे जिंकेल तो पुढच्या फेरीत, हरेल तो घरी. संक्रांतीलाही मी एवढं काळं एका जागी पाहिलेलं नाही, चाळीस हजार माणसं काळ्या कपड्यांत. समोरच्या पिचरचं नाव क्वेटो. लोकांनी ते लांबवून, सूर लावून घोकायला सुरुवात केली, "क्वे-टो, क्वे-टो". त्याच्या हातातून चेंडू खाली पडला. गर्जना झाली. लगेच पुढच्या चेंडूवर आमच्या रसेल मार्टिनने होमरन मारला, चेंडू थेट प्रेक्षकांत. खालचं काँक्रीट खरंच हलत होतं, मी आजोबांचा दंड धरला होता. ते स्कोअरबुकात लिहायचे थांबले होते. त्यांच्या वहीत ती जागा अजून कोरी आहे.

त्यानंतर पुन्हा पडझड झाली. २०२१ आणि २०२२, दोन्ही वर्षं शंभरहून कमी पराभव नाहीत. २०२३ मध्ये मॅककचन परत आला. घरच्या मैदानावरच्या पहिल्या मॅचला तो बॅट घेऊन उभा राहिला तेव्हा सगळं मैदान उठलं, आणि त्याने हेल्मेट काढून सगळ्यांना अभिवादन केलं. लेक तेव्हा दुसऱ्या शहरात नोकरीला होती. फोनवर म्हणाली, "आई, दुकानात मॅककचनचा २२ नंबरचा शर्ट दिसला तर घे. नावासकट."

घेतला मी. म्हणून जाते, मावशी. तू येशील तेव्हा दोन तिकिटं काढून ठेवते. एप्रिलमध्ये येणार असशील तर स्वेटर आण, संध्याकाळी नदीवरून फार गार वारा येतो.