सीटी स्कॅनला पाच मिनिटं, दोन शब्दांना साडेतीन तास

चवथीच्या आदल्या दिवशी बाबा माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट) बांधताना स्टुलावरून पडले, थेट बसतेच आपटले. एक्स-रेत डी १२, म्हणजे छातीमागचा शेवटचा मणका, दबल्यासारखा वाटला. बाबांना जुना पेसमेकर, म्हणून एमआरआय बाजूला ठेवून डॉक्टर म्हणाले सीटी करा, हाडाचा तुकडा मागे मज्जारज्जूकडे सरकलाय का ते त्यात नीट कळतं.

कागद घेऊन काउंटरवर गेलो. तिथल्या बाईंनी बघितलं आणि परत सरकवला, "हांगा लेव्हल ना, बरोवन हाड." म्हणजे पाठीचा कुठला भाग ते इथे नाही, लिहून आणा. कागदावर नुसतं 'सीटी स्पाइन' एवढंच! मी म्हटलं अहो पाठ म्हणजे पाठच ना, सगळीच काढा. नाही म्हणाल्या. डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये शिरलेले, सिस्टर म्हणे थांबा, ज्युनिअर म्हणे सरच लिहितील, आणि बाबा स्ट्रेचरवर छताकडे बघत पडलेले. दोनदा जाऊन भांडलो, तिसऱ्यांदा हात जोडले. शेवटी साडेतीन तासांनी सर बाहेर आले आणि उभ्या उभ्या लिहिलं, 'डोर्सोलंबर, प्लेन', म्हणजे छातीमागचा आणि कमरेचा भाग, कॉन्ट्रास्टचं औषध न टोचता. झालं. दोन शब्द!

राग अजून गेला नाही, पण काउंटरवरच्या बाई बरोबर होत्या हे मान्य. मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५, सगळे उगाच काढले तर रेडिएशनही तेवढं जास्त. आणि नुसतं कमरेचं काढलं असतं तर आमचा डी १२ कडेलाच राहिला असता. त्यामुळे ओपीडीतून उठण्याआधीच बघा, भाग लिहिलाय का, प्लेन की कॉन्ट्रास्ट लिहिलंय का. कॉन्ट्रास्ट असेल तर क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट मागतात आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही आधीच सांगायचं, आमचं प्लेन होतं म्हणून यातलं काही लागलं नाही.

मशीनमध्ये पाच मिनिटंसुद्धा गेली नाहीत, फक्त हलायचं नाही. हां, एक राहिलंच, कमरेला धातू नको, फोटोत पांढऱ्या रेघा मारतो. बाबांचा चांदीचा करदोडा निघेना, कात्रीने दोरा कापावा लागला. घरूनच काढून न्या. आणि फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला लागते.

तुकडा मागे सरकलेला नव्हता. टेलर ब्रेस (पाठीला आधार देणारा पट्टा) देऊन रात्री ९ ला घरी सोडलं. पडणं, साडेतीन तास, कशाबद्दल बाबा काही बोलले नाहीत, करदोडा कापला म्हणून मात्र माझ्यावर फुगून बसले, आणि पडल्या पडल्याच सांगत होते, सुपारीचा घड डावीकडे बांध म्हणून.