मास्क ऐच्छिक आहे ना?

"अहो ताई, करोना कधीच गेला. काढा की आता तो मास्क!"

आज लोकलच्या लेडीज डब्यात एकजण हसत म्हणाली. चौथ्या सीटवर अवघडून बसलेल्या ताईंनी मास्कची नाकावरची पट्टी नीट दाबली. "किडनी बदललीये माझी. गर्दीत काढू नका म्हणालेत डॉक्टर."

ती लगेच उठली आणि ताईंना खिडकीची जागा दिली. बरं वाटलं. तरी "काढा की आता तो मास्क" हे वाक्य डोक्यातून जाईना.

नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात. अशा माणसाला आपला साधा खोकलाही महागात पडू शकतो.

राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०२१ च्या करोना नियमात बसमध्ये विनामास्क प्रवाशाला ५०० रुपये दंड होता, कंडक्टरलाही ५००, बसमालक कंपनीला तर १०,०००! २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, सक्ती उठली. योग्यच झालं, जन्मभर सक्ती कुणालाच नको. पण ऐच्छिक म्हणजे घालायचीही मुभा आहेच ना? दंड सगळ्यांच्या लक्षात राहिला. मास्क शेजारच्यासाठीही असतो, हे मात्र आपण पार विसरलो.

सर्दी-खोकला असताना लोकलमध्ये मास्क लावता का तुम्ही?