‘मुंबईची हवा सुधारली’ हे वाक्य तपासायचं कसं

हिवाळा सरला की एक आकडा हमखास येतो: मुंबईची हवा गेल्या वर्षापेक्षा इतके टक्के सुधारली. कधी उलटं, इतके टक्के बिघडली. हा आकडा बहुतेक वेळा खोटा नसतो. बेरीजही बरोबर असते आणि भागाकारही. सरासरी कशाची काढली, कुठल्या ठिकाणांची आणि कुठल्या महिन्यांची, तिथे गडबड असते. शहराची एकच सरासरी ही सगळ्यात शेवटी काढायची गोष्ट आहे, आणि पुष्कळदा ती काढूच नये असं मला वाटतं.

आधी कच्चा माल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरून हवा मोजणाऱ्या प्रत्येक केंद्राचे १५ मिनिटांचे, तासाचे किंवा २४ तासांचे आकडे उतरवून घेता येतात. तासाचे घ्या. २४ तासांच्या आकड्यात सरासरी आधीच काढलेली असते, त्यामुळे त्या दिवशी यंत्र किती तास बंद होतं हे त्यातून कळत नाही.

आणि एक्यूआय, म्हणजे हवेचा गुणवत्ता निर्देशांक, घेऊ नका, सूक्ष्म कणांचं प्रमाण घ्या: पीएम २.५ आणि पीएम १० (२.५ आणि १० मायक्रोमीटरपर्यंत व्यासाचे कण), मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. एक्यूआय हा लोकांना चटकन कळावा म्हणून केलेला निर्देशांक आहे. त्यात प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सगळ्यात वाईट तोच त्या दिवसाचा एक्यूआय धरतात. म्हणजे सोमवारचा १५० पीएम २.५ मुळे आणि मंगळवारचा १५० ओझोनमुळे असू शकतो. अशा दोन आकड्यांची सरासरी म्हणजे किलो आणि लिटर यांची बेरीज.

दुसरी अडचण शब्दांची. समजा एखाद्या दिवशी पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी ७५ आली. भारताचं २००९चं मानक ६० आहे, म्हणजे ते २५ टक्क्यांनी ओलांडलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली पातळी १५ आहे, म्हणजे तिच्या पाचपट. पण एक्यूआयच्या पट्टीवर ७५ चा उपनिर्देशांक साधारण १४९ येतो आणि त्याचं लेबल ‘मध्यम’. बातमीत ‘हवा मध्यम’ असं छापलं की मानक मोडलं गेल्याची गोष्ट वाचकापर्यंत पोचतच नाही. मानकाची पूर्ण अटही लक्षात ठेवा: २४ तासांची मर्यादा वर्षातल्या ९८ टक्के वेळा पाळली गेली पाहिजे, उरलेल्या २ टक्क्यांत ती ओलांडलेली चालते, पण लागोपाठ दोन दिवस नाही. ३६५ दिवसांचे २ टक्के म्हणजे जेमतेम सात दिवस. कुठल्या केंद्रावर किती दिवस मर्यादा ओलांडली आणि लागोपाठ किती दिवस, ही मोजणी वार्षिक सरासरीपेक्षा खूप जास्त बोलते.

आता केंद्रं. मुंबईतली केंद्रं वेगवेगळ्या संस्था चालवतात आणि त्यांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढत गेली आहे. उदाहरणापुरतं समजा, पहिल्या वर्षी पाच केंद्रं होती आणि त्यांची सरासरी १०० होती. पुढच्या वर्षी समुद्राजवळ आणि झाडीत आणखी पाच आली, त्यांची सरासरी ६०. शहराची सरासरी झाली ८०. हवेचा एक कणही कमी न होता २० टक्के सुधारणा! म्हणून दोन वर्षांची तुलना फक्त दोन्ही वर्षं चालू असलेल्या केंद्रांचीच करायची. नावांनीही फसू नका. वरळी नावाचं एक केंद्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आहे आणि सिद्धार्थ नगर-वरळी हे दुसरं आयआयटीएमचं, म्हणजे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं. कुलाबा वेगळं आणि नेव्ही नगर-कुलाबा वेगळं. फाइल जोडताना नाव जसंच्या तसं, संस्थेसकट ठेवा. ‘वरळी’ एवढंच ठेवलंत तर दोन यंत्रं एकमेकांत मिसळतात आणि मग ती चूक सापडत नाही.

साफसफाई हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि खरं काम इथेच होतं. रिकाम्या खान्यांच्या जागी शून्य भरू नका. एक्सेलचा सरासरीचा फॉर्म्युला रिकामा खाना सोडून देतो, पण शून्य मोजतो. पीएम २.५ हा पीएम १० चाच भाग आहे, त्यामुळे ज्या तासाला पीएम २.५ जास्त दिसतो तो तास बाजूला काढा. पाच-सहा तास अगदी तोच आकडा, दशांशासकट, येत असेल तर यंत्र अडकलं आहे. एककं तपासा: कार्बन मोनॉक्साइड मिलिग्रॅममध्ये असतो आणि बाकीचे बहुतेक वायू मायक्रोग्रॅममध्ये. काढलेला प्रत्येक तास वेगळ्या शीटमध्ये कारणासकट लिहून ठेवा. नंतर कोणी ‘तुम्ही सोयीचे आकडे ठेवले’ म्हणालं तर दाखवायला तेच असतं.

किती तास असले की दिवस धरायचा? एक्यूआयसाठी किमान १६ तास लागतात. मी तीन चतुर्थांश, म्हणजे १८ तास धरावेत असं सांगेन, आणि महिन्यालाही तोच नियम. मग आधी दर महिन्याची सरासरी आणि बारा महिन्यांच्या सरासरीची सरासरी म्हणजे वर्ष. हे का, ते मुंबईच्या पावसात आहे. जून ते सप्टेंबर हवा धुतलेली असते. एखादं केंद्र डिसेंबर-जानेवारीत बंद पडलं आणि तुम्ही मिळतील तेवढ्या सगळ्या तासांची सरसकट सरासरी काढली, तर ते केंद्र शहरातलं सगळ्यात स्वच्छ ठरतं. ज्याचे हिवाळ्याचे महिने अपुरे आहेत त्या केंद्राला वार्षिक आकडा देऊच नये. बंद काळ हीसुद्धा बातमी आहे: कुठल्या वस्तीतलं यंत्र, किती दिवस, कुठल्या महिन्यात.

हिवाळा म्हटला की वारा आला. रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे, दुपारी समुद्रावरून खारे वारे. खारे वारे उशिरा सुटले किंवा मंद राहिले की धूळ शहरावरच थांबते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात हवा फार खराब झाली तेव्हा हवामानशास्त्रज्ञांनी ला निना (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड होण्याची स्थिती) आणि मंदावलेल्या वाऱ्यांकडे बोट दाखवलं होतं. त्या वर्षाशी तुलना केली तर पुढचं जवळपास कुठलंही वर्ष ‘सुधारलेलं’ दिसेल. निदान तीन-चार हिवाळे शेजारी ठेवा.

धोरणाचा हिशेबही याच कारणाने गुंतागुंतीचा होतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. तेव्हा २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत कणांचं प्रमाण २० ते ३० टक्क्यांनी कमी करायचं होतं. नंतर ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के किंवा पीएम १० चं राष्ट्रीय मानक गाठणं असं झालं. हे वर्ष आर्थिक वर्ष आहे, एप्रिल ते मार्च, म्हणजे एक सलग हिवाळा. जानेवारी ते डिसेंबर धरलं तर दोन हिवाळ्यांचे तुकडे येतात आणि उत्तर बदलतं. शिवाय प्रगती पीएम १० वर मोजली जाते. फुफ्फुसात खोल जाणारा पीएम २.५ तेवढाच कमी झाला का, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

एखाद्या नियमाचा परिणाम तपासायचा असेल तर २५ ऑक्टोबर २०२३ चे महापालिकेचे बांधकाम-धुळीचे नियम घ्या: सत्तर मीटरपेक्षा उंच इमारतींभोवती किमान ३५ फुटी पत्रे, पाण्याची फवारणी, झाकलेले ट्रक. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची तुलना इथे निरुपयोगी आहे, कारण मधे ऋतूच बदलतो. आधीच्या वर्षांचे तेच आठवडे घ्या आणि पीएम १० ला पीएम २.५ ने भागा. बांधकामाची धूळ जाड असते, त्यामुळे ती खरंच कमी झाली तर हे गुणोत्तर खाली यायला हवं. दोन्ही कण एकाच प्रमाणात घटले असतील तर श्रेय बहुधा वाऱ्याचं आहे.

दुसरी बाजू कागदांची. वॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, फी १० रुपये, कोर्ट फी स्टँप चालतो. ‘धुळीबाबत काय कारवाई केली’ असं विचारलंत तर दोन ओळींचं उत्तर येईल. रकाने मागा: नोटिशीची तारीख, बांधकामाचा पत्ता, मोडलेला नियम, काम थांबवल्याची तारीख, काम पुन्हा सुरू करू दिल्याची तारीख. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळण्याचा हक्क कायद्याच्या कलम २(जे) मध्ये आहे, तो अर्जात लिहा. माहिती संकलित करून देता येत नाही असं उत्तर आलं तर रजिस्टरची पाहणी मागा, तोही त्याच कलमातला हक्क आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मग नोटिसांच्या तारखा आणि जवळच्या केंद्राचे आकडे एकाच आलेखावर मांडा.

एक मर्यादा मात्र मनात पक्की असू द्या. यंत्र जे मोजतं तेवढंच फाइलमध्ये येतं. चेंबूरजवळच्या माहुलच्या रहिवाशांची तक्रार वासाची होती, रसायनांच्या टाक्यांतून हवेत जाणाऱ्या सेंद्रिय वाफांची. त्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०२० मध्ये चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. पीएम २.५ चा आलेख पाहून हे प्रकरण कुणालाही दिसलं नसतं. लोक एक सांगतात आणि आलेख दुसरं, तेव्हा आधी त्या केंद्रावर बेन्झिन आणि टोल्युइन यांसारख्या सेंद्रिय वाफा मोजतात का ते बघा.

स्वस्त सेन्सर घेऊन वस्तीत मोजणार असाल तर आधी दोन आठवडे तो सरकारी केंद्राच्या जवळ ठेवा. हे सेन्सर प्रकाशाच्या विखुरण्यावर चालतात आणि दमट हवेत फुगलेले कण मोठे मोजतात. मुंबईत तर आर्द्रता सोबतीलाच असते. दोन्हींमधला फरक आर्द्रतेनुसार काढा, दुरुस्ती करा आणि ती बातमीत सांगा.

छापण्याआधी आकडे, पद्धत आणि नेमके प्रश्न संबंधित कार्यालयाला लेखी पाठवा, निदान तीन कामाचे दिवस द्या. आणि उतरवलेली मूळ फाइल, तारखेसकट, कधीही न बदलता वेगळी ठेवा. पोर्टलवरचे आकडे नंतर तपासले जातात आणि बदलतात. सहा महिन्यांनी तुमचा आकडा कुणाला जुळला नाही, तर तो कुठून आला हे त्या फाइलवरूनच दाखवता येतं.